दार नसलेल्या घरातला दिवा

आमच्या घराला दार बसलंय, हे मला फोनवर कळलं.

फोन माहेरच्या घरासमोर राहणाऱ्या मावशीचा होता. सुनेच्या मोबाईलवरून केलेला. मावशीला मोबाईलवर बोलायची सवय नाही, ती फोनमध्ये शेताच्या बांधावरून हाक मारल्यासारखी ओरडते. "तुज्या आईच्या घराला दार बसवलंय बाई. लोखंडी हाय. वर कुलूप पन घातलंय." मला वाटलं म्हातारीला भ्रम झाला. आमच्या वस्तीत कुणाच्याच घराला दार नाही. शिंगणापूरच्या शिवाराला लागूनच आमची वस्ती, आणि चोरांना देवाचा वचक तिकडे तसाच इकडे. चौकट असते, चौकटीत दार नसतं. रात्री कुत्रं शिरू नये म्हणून फळी आडवी टेकवायची, की झालं. बाहेरच्या लोकांना त्याचं केवढं नवल! आम्हाला कधी वाटलं नाही. उलट लग्न होऊन मी भिंगारला आले आणि नवऱ्याने क्वार्टरचं दार आतून लावून कडी घातली, तेव्हा पहिल्या रात्री माझा जीव गुदमरला होता.

माझा नवरा लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन नोकर होता. तो गेला तशी क्वार्टर गेली. मूलबाळ आम्हाला झालं नाही. तेव्हापासून मी भिंगारच्या जुन्या बाजारात एका खोलीत भाड्याने राहते आणि शिलाई करते. फौजी लोकांच्या वर्दीवर नावाच्या पट्ट्या लावून देते. दिवसभर गिऱ्हाईक असतं, पण त्यातलं कुणी बोलायला येत नाही, पट्टी लावून घ्यायला येतं. संध्याकाळी मशीनवर फडकं टाकलं, दाराला आतून दोन कड्या घातल्या, की सकाळपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. कधीकधी उगीच मोठ्याने म्हणते, "चहा घेतेस का गं?" आणि मीच म्हणते, "टाक." हसायचं तर हसा.

आई गेली आणि माहेर गेलं, म्हणतात ते खोटं नाही. आईचं वर्षश्राद्ध करून आले त्यानंतर मी वस्तीवर गेले नाही. जाऊन करू काय? रिकाम्या घरात उभं राहून भिंतींशी बोलायचं, तर भिंती भिंगारलाही आहेत. पण एक होतं. ते दोन खणांचं घर आई माझ्यासाठी ठेवून गेली होती. जन्मभर मी दुसऱ्याच्या छपराखाली राहिले. आधी सरकारच्या, मग भाड्याच्या. हे एकच छप्पर माझं होतं. हात चालेनासे झाले की तिथे जाऊन पडायचं, असं मी मनाशी धरून होते. कुणाला बोलले नव्हते, पण त्या भरवशावरच मी रात्री डोळा लावायचे.

दुसऱ्या दिवशी मशीन बंद ठेवलं आणि एसटी पकडली. घोडेगावला उतरून पुढे जीप. जीपमध्ये सगळे दर्शनाचे लोक, हातात तेलाच्या बाटल्या. एका बाईने विचारलं, तुम्हीपण दर्शनाला का? मी म्हटलं, हो, दाराच्या दर्शनाला. ती बिचारी बाहेर बघायला लागली.

दार खरंच होतं. निळ्या रंगाचं, नवंकोरं, आईच्या सागवानी चौकटीला बिजागऱ्या ठोकून बसवलेलं. कुलूप माझ्या मुठीएवढं. अख्ख्या आळीत ते एकच दार, आणि तेही आमचं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की पायातली चप्पल काढून मी त्या दारावर दोनदा हाणली. दाराला काय होणार? माझाच हात झिणझिणला.

मावशी समोरून काठी टेकत आली. पंचाहत्तरी उलटलेली, कमरेत वाकलेली, पण कान आणि जीभ शाबूत. तिने मला आधी पाणी दिलं, मग जे ठाऊक होतं ते सांगितलं. देवळाच्या रस्त्याला तेल आणि रुईच्या माळा विकणारा एक बाहेरगावचा माणूस आला, घर लिलावात घेतलं म्हणाला, आणि मिस्त्री लावून दार बसवून गेला. सगळ्यांना वाटलं, मीच घर सोडून दिलं असणार. मावशीला तसं वाटलं नाही, म्हणून तिने फोन केला. लिलाव म्हणजे काय, कशाचा, हे तिला काही सांगता येईना. मी तशीच तलाठी ऑफिसात गेले.

तलाठी तरुण होता, सरळ होता. खुर्ची दिली, कागद काढले. आईच्या नावाने घरपट्टी थकली होती, पाणीपट्टी थकली होती, दिवाबत्ती कर थकला होता. आई जाऊन इतकी वर्षं झाली तरी कागदावर जिवंतच होती. वसुली होईना म्हणून प्रकरण तालुक्याला गेलं, जप्ती झाली, दवंडी देऊन चावडीपुढे लिलाव झाला. गावातल्या कुणी बोली लावली नाही. शेजाऱ्याच्या घरावर बोली लावायची आमच्यात रीत नाही, तोंड दाखवायला जागा राहत नाही. त्यामुळे एकटा बाहेरचा माणूस उरला आणि त्याला घर स्वस्तात पडलं. पण लिलाव अजून कायम झाला नव्हता. लिलावापासून महिन्याच्या आत वारसाने थकबाकी, खर्च आणि घेणाऱ्याला बोलीवर शेकडा पाच असे भरले तर लिलाव रद्द होतो, घर परत मिळतं. महिन्यातला अर्ध्याहून जास्त काळ उलटून गेला होता.

मी म्हटलं, मला नोटीस नाही, चिठ्ठी नाही, हा कुठला न्याय? तलाठी म्हणाला, नोटिसा बजावल्यात, तीनही. आणि त्याने कोतवालाला हाक मारली. कोतवाल शेजारच्या वस्तीवरचा, उन्हाने रापलेला, हातात टोपी घेऊन उभा राहिला. तो म्हणाला, नोटीस दारावर डकवायची असते, पण दारच नाही तर डकवणार कशावर? आमच्याकडे कुणाच्या घरी काही द्यायचं असलं आणि घरधनी दिसला नाही, तर आत जाऊन ठेवून येतात. भाजीची जुडी असो, लग्नाची पत्रिका असो. त्याने नोटिसा तशाच ठेवल्या.

"रिकाम्या घरात ठेवल्या?" मी विचारलं.

"रिकामं कुठं हुतं, ताई? तिन्ही टायमाला दिवा लागल्याला हुता देवापाशी. म्हटलं, बाई हाय घरात, मागं परसात गेली असंल. दिव्याम्होरं कागद ठिवला आन् आलो."

अहवालातही तसंच लिहिलं होतं. घरात दिवा लागलेला आढळला, घर राहते आहे, नोटीस घरात ठेवून बजावली.

आता आमच्या घरात दिवा कोण लावणार? मी भिंगारला, आई वर. मला उलगडायला वेळ लागला नाही. समोरची मावशी. तिला वाचता येत नाही. कागद दिसला तर तिने उचलून नीट ठेवला असणार, आणि वर रोज दिव्यात तेल घातलं असणार.

खरं सांगते, ऑफिसातून वस्तीपर्यंत मी मावशीला मनात काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही. कुणी सांगितला होता म्हातारीला नसता उद्योग? दिवा लावायचा होता तर एकदा फोन करून सांगायचं होतं. तो दिवा नसता तर कोतवालाने घर बंद म्हणून लिहिलं असतं, तलाठ्याने वारस शोधले असते, मला भिंगारला पत्र आलं असतं. तिच्या चमचाभर तेलापायी माझं एकुलतं एक छप्पर गेलं. तोंडावर सांगायचं, असं ठरवूनच मी आळीत शिरले.

दिवेलागण झाली होती. मावशी आमच्या पायरीवर बसली होती, त्या निळ्या दाराला पाठ लावून नाही, दाराकडे तोंड करून. पदराचा आडोसा करून ती पणती पेटवत होती. वाऱ्याने काडी विझली, तिने दुसरी ओढली. पणती दाराच्या फटीशी सरकवली, हात जोडले आणि माझी चाहूल लागली तशी वळून म्हणाली, आत जाता येईना आता, म्हणून देवाला बाहेरूनच दावते. तुझी आई जाताना म्हणाली होती, पोर येईस्तोवर घर अंधारात ठेवू नको.

 मी भिंगारला कड्या लावून बसत होते, तेव्हा माझ्या घरात रोज माणूस जात होतं. माझं घर माझ्याहून कमी एकटं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी तिच्याशेजारी पायरीवर बसले आणि पणतीतलं तेल संपेपर्यंत उठले नाही. मग तिने मला पिठलं-भाकरी खायला घातली. त्या भाकरीवरच मी ठरवलं, दिव्याची ही गोष्ट मावशीच्या कानावर जाता कामा नये.

सकाळी मी तेलवाल्याला गाठलं. रस्त्याच्या कडेला पत्र्याचा ठेला, पुढे तेलाचे डबे, काळ्या बाहुल्या आणि सुकत चाललेल्या रुईच्या माळा. मी तोंडाचा पट्टा सुरू केला, ताब्याचा कागद नसताना दुसऱ्याच्या चौकटीला खिळा मारायचा अधिकार कुणी दिला म्हणून. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, चुकलं ताई, पण मला उघड्या घराची सवय नाही, डबे ठेवायचे होते, झोप लागली नसती. वाईट माणूस नव्हता. तोही घरदार सोडून इथे एकटाच पडला होता, ठेल्यातच झोपत होता. त्याने मला चहा पाजला आणि सरळ सौदा मांडला. लिलावाहून जास्त देतो, रोख देतो, तक्रार करू नका. मी नाही म्हटलं. तेव्हा त्याने विचारलं, "पण तुम्ही त्या घराचं करणार काय? राहणार आहात का?"

मी चहाचा कप ठेवला आणि निघाले.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्याकडे सहा महिने नव्हते. भिंगारला येऊन दोन पाटल्या सोनाराकडे गहाण ठेवल्या आणि पैसे घेऊन तालुक्याला गेले. वाटलं होतं, पैसे भरायला गेलं की लगेच घेतील. पण कारकून म्हणाला, आधी तुम्ही वारस आहात हे दाखवा. आधार कार्डावर माझं सासरचं नाव, सासरचं आडनाव. घर आईच्या नावावर, आईचं आडनाव वेगळं. शाळेत मी चौथीपर्यंत गेलेली, दाखला कधी काढलाच नाही. आईला दुसरं मूल नाही, म्हणजे भाऊ-बहीण नाही. बापाकडचे लोक कधीच पांगलेले. इतकी वर्षं लोकांच्या छातीवर त्यांची त्यांची नावं शिवली, आणि माझं नाव माझ्या आईला जोडणारा एक टाका माझ्याकडे नव्हता.

बाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेल्या अर्ज लिहिणाऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि डोळे बारीक केले. म्हणाला, बाई, पैसे कशाला भरता, हरकत घ्या. नोटीस रिकाम्या घरात ठेवली, लिलाव बेकायदा. दिवा लावणाऱ्या म्हातारीला उभी करा, ती सांगेल मीच लावत होते, घरात कुणी नव्हतं. काम फत्ते, शेकडा पाचही वाचतील. मला पटलं सगळं. पाटल्याही सुटल्या असत्या. पण मग मावशीला चारचौघांत विचारणार, दिवा का लावला? आणि तिला तिथेच कळणार, की आपल्या दिव्याने घर घालवलं. तिने पुन्हा कधी काडी ओढली नसती. मी त्याला म्हटलं, तुम्ही फक्त वारसाचं प्रतिज्ञापत्र लिहा. तो म्हणाला, मर्जी तुमची, पण ओळखायला जन्मापासून ओळखणारं माणूस आणा. जन्मापासून ओळखणारं माणूस जगात एकच उरलं होतं.

मावशी एसटीत खिडकीशी बसली, पेरूच्या दोन फोडी खाल्ल्या आणि झोपली. तिला एवढंच सांगितलं होतं की, मी कुणाची लेक ते साहेबाला सांगायचंय. ऑफिसात कारकुनाने तिला माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, या बाईंना तुम्ही कधीपासून ओळखता?

मावशीला प्रश्नच नवलाचा वाटला. "हिच्या आईच्या बाळंतपनात कंदील मी धरला हुता," ती म्हणाली. "नव्या नवरीला दुसरं काय काम देत्यात? सुईन म्हनायची, हात हलवू नगं. ही बाहेर आली ती माज्या उजेडात."

कारकुनाने लिहून घेतलं. मी मान खाली घातली, कारण डोळे भरून आले होते आणि सरकारी ऑफिसात रडायचं नाही, असा माझा नेम आहे. मावशीने अंगठा उठवला. तेवढ्यात कारकुनाने अहवाल उलटला आणि म्हणाला, अहो, पण इथे तर लिहिलंय की घरात दिवा... मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. मीच, साहेब, मीच येऊन-जाऊन होते, नोटीस मिळाली, माझ्याकडून भरायचं राहून गेलं, लिहा तसं. मावशी माझ्याकडे पाहत राहिली. तिला ठाऊक होतं मी आले नव्हते. पण ती अंगठ्याची शाई पदराला पुसत बसली. कारकुनाला माझ्या येण्याजाण्याशी काय करायचं होतं? पैसे मुदतीत आले होते. त्याने पावती फाडली.

लिलाव रद्द झाल्याचा हुकूम आला त्या दिवशी तेलवाला टेम्पो घेऊन वस्तीवर आला. त्याचे पाच टक्के त्याला मिळाले होते, राग धरण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने कुलूप काढलं, डबे बाहेर काढले, बिजागऱ्या खोलल्या आणि ते निळं दार टेम्पोत आडवं टाकलं. जाताना विचारलं, दार राहू देऊ का, बाईमाणूस आहात, किंमत द्या काहीतरी. मी म्हटलं, घेऊन जा बाबा तुझं दार, भिंगारला माझ्याकडे एक आहे. तो हसला आणि गेला. चौकटीला बिजागऱ्यांची भोकं राहिली, ती मी मेणाने बुजवली.

आत तेलाचा वास भरला होता. देवळीत आईचे देव जसेच्या तसे, तांब्याच्या ताम्हनात. ताम्हनाखाली तिन्ही नोटिसा. एकीवर एक, कडा जुळवून ठेवलेल्या, वर हळदी-कुंकवाची बोटं. तेल झिरपून कागद पारदर्शक झाले होते, आईचं नाव मात्र वाचता येत होतं. सरकारचा कागद देवापाशी ठेवला की सांभाळला जातो, असं मावशीला वाटलं असणार. मी त्या घडी घालून माझ्या पिशवीत तळाशी घातल्या. भिंगारला नेऊन चुलीत घालायच्या, तिच्या नजरेला पडू द्यायच्या नाहीत.

मग झाडलोट केली. दोन खणांचं घर, झाडायला कितीसं लागतं? पाणी भरून ठेवलं. सोबत आणलेली चटई अंथरली आणि भिंतीला टेकून बसले. समोर मोकळी चौकट, चौकटीतून मावशीचं घर. कुणी ओळखीचं दिसलं तर हाक मारीन म्हटलं, पण येणारीजाणारी सगळी नवी पिढी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. तेलवाल्याचा प्रश्न पुन्हा डोक्यात आला. राहणार आहात का? भिंगारला मशीन होतं, खोली होती, दोन कड्या होत्या. इथे काय होतं? घर मिळवलं, आणि मिळवल्यावर इतकं एकटं वाटलं की मनात आलं, नसतं मिळालं तर निदान ते मिळवायचं काम तरी हातात राहिलं असतं.

ऊन उतरलं. दिवेलागणीची वेळ झाली. मी मावशीची वाट पाहत बसले. आता ती येईल, पदराआड काडी ओढेल, देवळीत दिवा लावेल, मग आपण तिला बसवून घेऊ, चहा टाकू. इतकी वर्षं रोज आली, आज कशी येणार नाही? आळीतले दिवे एकेक करून लागले. आमचं घर काळोखात गेलं. मावशी तिच्या पायरीवर बसलेली मला दिसत होती, पण ती उठेना. मला वाटलं, ऑफिसातलं तिला कळलं की काय. 

तेवढ्यात तिची हाक आली, बांधावरून मारल्यासारखी, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी.

"अगं, दिवा लाव की! घरात मानूस हाय का न्हाई?"

"हाय, मावशी," मी म्हटलं, आणि काडेपेटी शोधायला उठले.